रात्रीचं काम आणि पंख्याची घरघर

अगं, परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "ताई, आई रात्री दहालाच मशीन बंद करायला लावते. लई घरघर करतंय म्हणते." तू हसून सांगितलंस, पण ते माझ्या मनातून जाईना. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग तुला रात्रीच करावं लागतं. दिवसा घरात माणसांची ये-जा आणि विजेचा भरवसा नाही. त्यात माजलगावच्या आपल्या दोन खोल्यांत आजीची खाट तुझ्या टेबलाला लागून. आवाजाचं कारण पुढे आलं की मुलीचं काम थांबवणं फार सोपं होतं, आणि त्यात कुणाला काही चुकल्यासारखंही वाटत नाही. म्हणून हा प्रश्न मला हौसेचा वाटत नाही. तुझे रात्रीचे तास त्यावर टिकून आहेत.

कुणी "दुकानात टाकून ये" म्हणालं तर लगेच उचलून नेऊ नकोस. एकेक भाग मागवून तू स्वतः हा कॉम्प्युटर जोडलायस. प्रत्येक स्क्रू कुठे बसलाय हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. नवा पंखाही आत्ताच मागवू नकोस. आधी ओरडतंय कोण, ते पक्कं शोध.

आवाज सगळे सारखे नसतात, त्यामुळे आधी नुसतं ऐक. रात्री छताचा पंखा आणि कूलर बंद करून मशीन चालू कर. वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाला लाव आणि दुसरं कॅबिनेटच्या बाहेरून हळूहळू फिरव: पुढून, मागून, एसएमपीएसच्या जाळीजवळून. जागा बऱ्यापैकी कळते. एकसारखा वाऱ्यासारखा आवाज म्हणजे पंखा जास्त वेगाने फिरतोय. खरखर येत असेल आणि थंड मशीन चालू करताना ती जास्त असेल, तर बेअरिंग कोरडं पडलंय. टकटक असेल तर बहुतेक एखादी केबल पात्याला लागतेय, प्लास्टिकच्या पट्टीने ती बांधून टाकलीस की झालं. आणि खालच्या सुरातली घूं-घूं असेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर तळहात दाबून धर. आवाज थांबला तर पंखा बिचारा बरा आहे, पत्रा थरथरतोय. जुनी हार्ड डिस्क असली की हे हमखास होतं. मिनिटाला 7200 फेरे म्हणजे सेकंदाला 120, आणि तेवढीच कंपनं ती पत्र्याला देते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून डिस्कच्या आणि पंख्याच्या स्क्रूंखाली घाल, कॅबिनेटच्या पायांखालीही घाल. पण खाली गोधडी किंवा उशी ठेवू नकोस, एसएमपीएस बहुतेक खालूनच हवा ओढतो. लोखंडी कॉटवर किंवा रॅकवर मशीन असेल तर ते आधी उतरव, तो पत्रा आवाज वाढवून देतो.

एकेक पंखा वेगळा ऐकायचा असेल तर बायोसमध्ये जा. तिथे प्रत्येक पंख्याचा वेग स्वतंत्र दिसतो. एकाला पूर्ण वेग दे, बाकीच्यांना कमीत कमी, आणि ऐक. मग दुसऱ्याला. प्रोसेसरचा पंखा मात्र काढून बघू नकोस. कॅबिनेटचे पंखे मशीन पूर्ण बंद करून, प्लग काढून, एकेक सोडवून बघितलेस तरी चालेल.

कॅबिनेट उघडलेलं असतानाच एक गोष्ट नक्की बघ, कारण पहिल्यांदा मशीन जोडणाऱ्यांकडून ही राहून जाते. पंख्याच्या वायरच्या टोकाला तीन पिना आहेत की चार, ते बघ. चार पिनांचा पंखा मदरबोर्डकडून चौथ्या पिनेवर इशारा घेऊन वेग बदलतो. तीन पिनांच्या पंख्याला तो इशारा कळतच नाही, त्याचा वेग व्होल्टेज कमी करूनच उतरवावा लागतो. तीन पिनांचा पंखा लावलाय आणि बायोसमध्ये पीडब्ल्यूएम मोड ठेवलाय, तर त्याला सतत पूर्ण 12 व्होल्ट मिळतात आणि तो दिवसरात्र पूर्ण वेगाने पळतो. त्या जागी डीसी मोड निवड. तुझ्या कॅबिनेटसोबत आलेले पंखे स्वस्तातले आहेत, ते तीन पिनांचे असण्याची शक्यता मला मोठी वाटते. तसं निघालं तर एका बटणात निम्मा प्रश्न सुटेल, एक रुपया न घालता.

वेगाचं गणित तुला मुद्दाम सांगते, कारण ते कळलं की खरेदीतले निर्णय सोपे होतात. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. कानाला 10 डेसिबलचा उतार म्हणजेच आवाज जवळपास निम्मा झाल्यासारखा वाटतो. उलट, तसाच आणखी एक पंखा शेजारी लावला तर आवाज जेमतेम 3 डेसिबलने चढतो. म्हणजे एक पंखा जीव तोडून पळवण्यापेक्षा दोन पंखे निवांत फिरवणं कितीतरी शांत. मोठा पंखाही याच कारणाने बरा, 120 मिलिमीटरचा पंखा 80 च्या पंख्याएवढी हवा बऱ्याच कमी वेगात देतो. निवासी भागासाठी कायद्याने रात्रीची मर्यादा 45 डेसिबल ठेवली आहे. फोनमधलं डेसिबलचं ॲप अचूक नसतं, पण कालच्यापेक्षा आज किती उतरलं एवढं सांगायला पुरेसं आहे. फोन दरवेळी त्याच जागी, आजीच्या उशाशीच ठेव.

आता आपल्याकडची खरी अडचण. बाहेरचे लोक धूळ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढे टेबलावरची धूळ असते. आपल्याकडे दिवाळीनंतर भाव यायची वाट बघत कापूस घरातच रचलेला असतो. त्याचे तंतू हवेत तरंगतात, पुढच्या जाळीला आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये अडकतात, त्यावर काळ्या मातीची बारीक धूळ बसते आणि जाड थर तयार होतो. परळीकडच्या घरांत राख असते, माळवदाच्या घरात वरून माती गळते. असा थर साचला की हवा आत जात नाही, प्रोसेसर तापतो, मदरबोर्ड पंख्याला आणखी पळवतो, आणि आईला घरघर ऐकू येते. म्हणजे पुष्कळदा पंखा दोषी नसतो, आपण त्याचा श्वास कोंडलेला असतो.

साफ करताना प्लग काढ, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर, आणि मशीन अंगणात ने. उघड्या लोखंडाला एकदा हात लावून मग आतल्या भागांना हात लाव. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अंगातली स्थिर वीज एखादा भाग मारू शकते. रंगाचा मऊ ब्रश आणि ब्लोअर एवढंच पुरे, ओलं फडकं अजिबात नको. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव. मोकळं सोडलं तर ते भन्नाट वेगाने फिरतं आणि बेअरिंग खराब होतं. जाळी म्हणून पुढे जुन्या ओढणीचं कापड लावायचा मोह होईल, पण दाट कापडाने हवाच अडते. मच्छरदाणीची नायलॉन जाळी लाव. बारीक माती त्यातून जाईल, पण कापसाचे तंतू बाहेरच अडकतील आणि दर आठवड्याला ब्रशने झटकता येतील. दिवाळी ते संक्रांत हे नेमाने कर. बाजूचा पत्रा उघडा ठेवून काम भागवू नकोस. तंतू सरळ आत जातात आणि आपल्या घरात पालीही कमी नाहीत.

पुढे पूर्ण काच असलेली कॅबिनेटं दिसायला छान असतात, पण काचेमागे पंख्याला हवा घ्यायला बोटभर फट असते. तुझं तसं असेल तर आधी एक व्हिडिओ रेंडरला लावून तापमान बघ, मग पुढचा भाग काढून तोच व्हिडिओ पुन्हा लाव. तापमान बरंच उतरलं तर गुन्हेगार सापडला. मशीन कोनाड्यात किंवा भिंतीला खेटून ठेवलं असेल तर तेही पुढे ओढ, स्वतःचीच गरम हवा ते परत ओढत असतं.

बेअरिंग खरखरत असेल तर मधल्या स्टिकरखाली शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकून बघ. साध्या स्लीव्ह बेअरिंगला त्याने काही महिने आराम पडतो. खोबरेल घालू नकोस, आपल्या थंडीत ते गोठतं. मग सवडीने फ्लुइड बेअरिंगचा चांगला पंखा घे. आत्ता घाई नाही.

प्रोसेसरवरचा कूलर काढलास तर थर्मल पेस्ट नवीन लावावीच लागते, तुरीच्या दाण्याएवढी पुरे. तुझ्या रायझन 5600जीसाठी एक खबरदारी घे. आधी मशीन थोडं चालवून गरम कर, मग बंद करून प्लग काढ. स्क्रू सोडवल्यावर कूलर सरळ वर ओढू नकोस, हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सुटा कर. जुनी पेस्ट चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

आता उन्हाळ्याचं नीट समजून घे. पंखा कितीही चांगला असला तरी खोलीच्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. तेच काम, तोच वेग, तर प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा साधारण तेवढाच वर राहतो. जानेवारीच्या रात्री खोली 20 अंशांवर आणि प्रोसेसर 60 वर असेल, तर मेमध्ये पत्र्याखालच्या 41 अंशांच्या खोलीत तो 81 वर जाईल. काही बिघडलेलं नसतं. पण तू थंडीत पंख्याचं वेळापत्रक असं लावलंस की 65 ला पूर्ण वेग, तर उन्हाळ्यात तो अखंड ओरडणार. म्हणून ते मेच्या दुपारी लाव. 5600जीची मर्यादा 95 अंश आहे, 80 ला घाबरून जाऊ नकोस. 60 पर्यंत पंखा निवांत ठेव, 75 ला साठ टक्क्यांच्या आसपास, 85 नंतर पूर्ण. आसूसच्या बोर्डावर हे क्यू-फॅनमध्ये सापडेल, गिगाबाइटच्या बोर्डावर स्मार्ट फॅनमध्ये.

पंखा क्षणात चढतो, क्षणात उतरतो, तो चढउतार झोपलेल्या माणसाला सलग आवाजापेक्षा जास्त त्रास देतो. वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय बायोसमध्ये असते, ती वापर. आणि खूपच तापत असेल तर त्या प्रोसेसरला 65 ऐवजी 45 वॅटवर बांधून ठेवता येतं. रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल, पण उष्णताच कमी तयार होईल. रात्रभर लावून ठेवायच्या कामाला हे मला सगळ्यात पटतं. पाण्याच्या कूलरचा झोत मात्र मशीनवर येऊ देऊ नकोस. त्या ओलाव्याने धुळीचा चिखल होतो.

वीज गेल्यावर, इन्व्हर्टरवर असतानाच गुणगुण येत असेल तर पंख्यांच्या मागे लागू नकोस. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसएमपीएस तसा आवाज करू शकतो, छताचे पंखेही करतात. आणि आवाज एसएमपीएसच्या आतूनच येतोय असं ठरलं, तर तिथे तुझा हात थांबव. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहू शकते. त्याचं झाकण तू उघडायचं नाही, तेलाचा थेंब टाकायलाही नाही. वॉरंटी असेल तर पाठव, नसेल तर बदल. त्याचे पैसे मी देते, आईला सांगायची गरज नाही.

आज रात्री काही उघडू नकोस. मशीन चालू करून दोन मिनिटं आवाज रेकॉर्ड कर, मग रेंडर लावून आणखी दोन मिनिटं, आणि बायोसच्या पंख्यांच्या पानाचा फोटो काढ. तिन्ही गोष्टी मला पाठव. पिना तीन की चार, ते उद्या मशीन बंद करून बघ आणि तेही लिही.