काकवीचा दाटपणा तपासूनच उतरवा



रायगडच्या किनाऱ्यावर घावण्यांबरोबर काकवी आवडीने खातात. पण पातळ राहिलेली काकवी इथल्या दमट हवेत लवकर आंबते. फार आटवली, तर तळाला साखरेचे खडे बसतात. म्हणून गुऱ्हाळावर नुसत्या नजरेवर जाऊ नका, गरम काकवी पातळच दिसते. रसातले पाणी जसे उडते, तसे उकळीचे तापमान चढते. काहिलीत तापमापक धरा. १०५ ते १०६ अंश सेल्सिअसला काकवी उतरवावी. गुळाला ११८ अंशांच्या आसपास जावे लागते. मग थोडी बशीत घेऊन पुरती थंड करावी व धार बघावी. दर काहिलीची नोंद वहीत ठेवा. आंबलेली बरणी घरी नेलेले गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.