घड्याळाशी शर्यत : सैन्य व पोलीस भरतीच्या धावण्याची शास्त्रशुद्ध तयारी

आज महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर पहाटे पाच वाजता उभे राहिलात, तर अंधारात धावणारी मुले-मुली दिसतील. कुणाच्या पायात बूट असतात, कुणी अनवाणी असतो. हातात मोबाईलचे घड्याळ आणि मनात एकच आकडा असतो : पाच मिनिटे तीस सेकंद. यात आपल्या वस्त्यांमधील मुले मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या जिद्दीत उणीव नाही. उणीव आहे ती मार्गदर्शनाची. वर्षभर धावून मुलगा दहा सेकंदांनी मागे राहतो, पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो, आणि वयाची मर्यादा मात्र कुणासाठी थांबत नाही. म्हणून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास करावा, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

सैन्य आणि आपला समाज

सैनिकी पेशाशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघालेली तुकडी सुमारे २५ मैल चालून १ जानेवारी १८१८ रोजी सकाळी भीमा नदीकाठी कोरेगावला पोहोचली आणि विश्रांती न घेता दिवसभर लढली. तिच्यात महार सैनिक होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढाऊ जाती' नावाच्या खोट्या सिद्धान्ताच्या आधारे ही भरती बंद करण्यात आली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी या अन्यायाविरुद्ध लेखणी चालवली. १९१७ साली उभी केलेली १११ महार पलटण युद्धानंतर १९२१ मध्ये मोडण्यात आली. अखेर १९४१ साली महार रेजिमेंट स्थापन झाली. त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठपुरावा होता. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे स्वतः लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवीत होते.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, एकेकाळी ज्या दारावर जात विचारली जात होती, त्या दारात आज स्टॉपवॉच उभे आहे. स्टॉपवॉच जात विचारत नाही. मात्र ते सबबही ऐकत नाही. त्याला उत्तर फक्त तयारीनेच देता येते.

चाचणीचे स्वरूप

अग्निवीर जनरल ड्युटी पदासाठी पुरुष उमेदवारांना १.६ किलोमीटर धावावे लागते. ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत येणाऱ्या पहिल्या गटास ६० गुण, तर ५ मिनिटे ३१ ते ४५ सेकंदांत येणाऱ्यास ४८ गुण मिळतात. बीमवरील दहा पुल-अप्सना ४० गुण असतात. २०२३ पासून सैन्यभरतीत ऑनलाइन लेखी परीक्षा आधी व मैदानी चाचणी नंतर होते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या अलीकडच्या पद्धतीत ५० गुणांची मैदानी चाचणी आधी होते. तीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावण्यासाठी २० गुण, १०० मीटर धावण्यासाठी १५ आणि गोळाफेकीसाठी १५ गुण आहेत. नियम बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

सोण थेरांची कथा

आता सरावाकडे वळण्यापूर्वी एक प्रसंग आठवू या. चंपा नगरीचा श्रेष्ठीपुत्र सोण कोळिविस अत्यंत लाडाकोडात वाढलेला होता. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळच्या शीतवनात त्याने इतक्या आवेशाने चंक्रमण केले की त्याचे तळपाय फुटले आणि वाट रक्ताने माखली. एवढे करूनही चित्त मुक्त होईना, तेव्हा घरी परत जावे असा विचार त्याच्या मनात आला. भगवान बुद्ध त्याच्याकडे गेले. तो पूर्वी उत्तम वीणा वाजवीत असे. बुद्धांनी त्याला विचारले की, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते काय? फार सैल सोडल्या तर वाजते काय? दोन्ही वेळा त्याने नाही असे उत्तर दिले. त्याचप्रमाणे अति प्रयत्नाने अस्वस्थता येते व अल्प प्रयत्नाने आळस येतो, म्हणून वीर्यात समता राखावी, असा उपदेश बुद्धांनी केला. सोणाने तो आचरला आणि तो अर्हत झाला.

धावणाऱ्या विद्यार्थ्याने हा प्रसंग मनात कोरून ठेवावा. आपल्या मुलांची सर्वांत मोठी चूक हीच असते. ती रोज उठतात आणि रोज १६०० मीटर जीव तोडून धावतात. पहिले तीन आठवडे वेळ सुधारते, मग थांबते, नडगी दुखू लागते, आणि नेमकी भरतीच्या तोंडावर मुले लंगडू लागतात. तार ताणून तुटते ती अशी.

धावण्यामागील शास्त्र

पाच-साडेपाच मिनिटांच्या धावेत लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा प्राणवायूच्या साहाय्याने तयार होतो. म्हणजे हा केवळ वेगाचा खेळ नसून दमाचा खेळ आहे. दम वाढतो तो संथ धावण्याने. सोबत्याशी बोलता येईल इतक्या वेगाने अर्धा-पाऊण तास धावल्यास हृदय दर ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते आणि स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात. त्या पायावर मग वेगाचा सराव चढवायचा असतो. हाडे व शिरा मात्र हृदयापेक्षा सावकाश बळकट होतात, म्हणून अंतर एकदम वाढवू नये. स्नायूंची वाढ व दुरुस्ती विश्रांतीत होते. विश्रांती हाही सरावाचाच भाग होय.

बारा आठवड्यांचा सराव

पहिले चार आठवडे – पाया : आठवड्यातून चार दिवस संथ धाव. २० मिनिटांपासून सुरुवात करून ३५ मिनिटांपर्यंत जावे. धावेनंतर दोन दिवस १०० मीटरच्या सहा मोकळ्या, जलद पण जीव न तोडता मारलेल्या धावा. दोन दिवस बैठका, जोर, पोटाचे व्यायाम व बीम. एक दिवस पूर्ण विश्रांती.

पाचवा ते आठवा आठवडा – दम आणि वेग : एक दिवस ४०० मीटरच्या पाच धावा, प्रत्येकी ८४ ते ८६ सेकंदांत, मध्ये दोन-तीन मिनिटे चालणे. एक दिवस १५ ते २० मिनिटे थोड्या कष्टाची, सलग धाव. एक दिवस ४० मिनिटे संथ. उरलेल्या दिवशी हलकी धाव व व्यायाम. दोन कठीण दिवस लागोपाठ ठेवू नयेत.

नववा ते अकरावा आठवडा – चाचणीचा वेग : एक दिवस ४०० मीटरच्या पाच धावा ८० सेकंदांत. दुसऱ्या कठीण दिवशी एका आठवड्यात २०० मीटरच्या आठ धावा ३९-४० सेकंदांत, तर दुसऱ्यात ८०० मीटरच्या दोन धावा २ मिनिटे ४० ते ४५ सेकंदांत घ्याव्यात. या काळात पूर्ण १६०० मीटरची परीक्षा एकदा किंवा दोनदाच घ्यावी.

बारावा आठवडा : सराव निम्म्यावर आणावा. शेवटचे दोन दिवस फक्त चालणे व अंग मोकळे करणे. या आठवड्यात नवीन ताकद येत नसते. आहे ती जपायची असते.

मुलींनीही हीच पद्धत ठेवावी. ८०० मीटरसाठी २०० व ४०० मीटरच्या धावांवर भर द्यावा आणि सेकंद आपल्या सध्याच्या वेळेनुसार ठरवावेत. वरील आकडे ज्याला जड जातील त्यानेही प्रत्येक धावेला पाच सेकंद वाढवून सुरुवात करावी. त्यात कमीपणा नाही.

वेळेचे गणित

४०० मीटरच्या चार फेऱ्या ५ मिनिटे ३० सेकंदांत म्हणजे प्रत्येक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांची. परंतु लक्ष्य ५ मिनिटे २० सेकंदांचे ठेवावे. म्हणजे पहिली फेरी १ मिनिट २० सेकंद, दुसऱ्या फेरीअखेर २:४०, तिसऱ्या फेरीअखेर ४:०० आणि शेवट ५:२०. हे दहा सेकंद गर्दीसाठी हाताशी ठेवायचे. भरतीच्या मैदानावर मोठा घोळका एकाच वेळी सुटतो. वळणावर आतल्या रेषेपासून एक मीटर बाहेर धावले तर दर फेरीला सुमारे सव्वासहा मीटर जास्त पडतात. चार फेऱ्यांचे झाले पंचवीस मीटर, म्हणजे पाच सेकंद केवळ जागा चुकल्याने गेले.

घोळक्याबरोबर पहिली फेरी सत्तर सेकंदांत मारणारा तिसऱ्या फेरीत कोलमडतो. तिसरी फेरी हीच खरी परीक्षा असते. तेथे मन सोडून देऊ लागते. अशा वेळी पुढच्या मुलाच्या पाठीवर नजर ठेवावी, हात चालते ठेवावेत, श्वास सोडण्याकडे लक्ष द्यावे. आनापानाचा सराव असलेल्यास हे सोपे जाते.

गावात मैदान नसल्यास रस्ता मोजावा. सायकलच्या चाकाला खूण करून एका फेऱ्याचे अंतर दोरीने मोजा. ते २.२ मीटर भरल्यास १८२ फेऱ्यांत ४०० मीटर होतात.

शरीराची निगा

भाकरी, भात, डाळ, उसळ, शेंगदाणे, गूळ, अंडी, पालेभाजी व लिंबू हा आहार पुरेसा आहे. महागडी भुकटी घेण्याची गरज नाही. मुलींनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. रक्त कमी असेल तर कितीही सराव केला तरी दम लागतो. झोप आठ तास हवी. नवे बूट चाचणीच्या दिवशी प्रथमच घालू नयेत.

सरावापूर्वी एकदा डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. धावताना छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, या गोष्टी लपवू नयेत. उन्हाळ्यात पहाटे धावावे. धावताना कुणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर उष्माघात समजून तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व दवाखान्यात हलवावे. त्याला 'अजून एक फेरी' म्हणून ओरडणारा त्याचा मित्र नव्हे.

काही ठिकाणी धावण्यापूर्वी ताकदीच्या गोळ्या व इंजेक्शने विकली जातात. मित्रहो, हा विषाचा बाजार आहे. हृदयावर त्याचा घातक परिणाम होतो आणि जीवही जातो. पंचशीलाचे पाचवे शील रोज म्हणणाऱ्याने त्याला हात लावू नये. त्याचप्रमाणे पैसे घेऊन भरती करून देतो म्हणणारा दलाल आई-बापांची जमीन विकायला लावतो. त्याच्या वाटेला जाऊ नये.

समाजाचे कर्तव्य

सोण थेरांच्या कथेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. त्याचे पाय पाहून बुद्धांनी त्याला एका तळाचे पादत्राण वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेतली नाही. संघाला अनुज्ञा मिळाली तरच मी वापरीन, असे तो म्हणाला. तेव्हा ती सर्व संघाला देण्यात आली.

आपल्या मंडळांनी येथून बोध घ्यावा. एक मोजलेला मार्ग, एक स्टॉपवॉच, एक बीम आणि सराव घेणारा एक निवृत्त सैनिक किंवा पोलीस एवढ्यावर पहाटेचा वर्ग सुरू होतो. ज्याला बूट परवडत नाहीत त्याला मंडळाने ते द्यावेत. सायंकाळी विहारात लेखी परीक्षेचा अभ्यास व्हावा. अग्निवीराची सेवा चार वर्षांची असून त्यातील जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात. म्हणून धावता धावता शिक्षण सोडू नये, हे मुलांना वडीलधाऱ्यांनी सांगितलेच पाहिजे.

आणि जो थोडक्यात राहिला, त्याला त्या संध्याकाळी घरात एकटे बसू देऊ नका. त्याला बोलवा, त्याच्या फेऱ्यांच्या वेळा कागदावर मांडा, आणि कोणत्या फेरीत सेकंद गेले ते त्याच्यासोबत शोधा. वय शिल्लक असेल तर त्याच कागदावरून पुढचे बारा आठवडे आखता येतील. वय सरले असेल तर धाकट्यांना शिकवायला तोच उत्तम शिक्षक ठरेल, कारण दहा सेकंदांची किंमत त्याला ठाऊक आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!