जर्मनीतला पहिला नाताळ : नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

जर्मनीतला नाताळ चार आठवडे रस्त्यावर असतो आणि तीन दिवस बंद दाराआड. नव्याने आलेल्यांची पंचाईत होते ती इथेच. नोव्हेंबर संपता संपता चौकाचौकांत दिवे लागतात, बाजार भरतात, सगळं गाव बाहेर पडतं. त्यामुळे पंचवीस तारखेला मोठा जल्लोष असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात चोवीसच्या दुपारीच दुकानं बंद होतात आणि अंधार पडेपर्यंत गल्लीत चिटपाखरू उरत नाही. म्युनिक, न्यूर्नबर्ग, एर्लांगन, स्टुटगार्ट, फ्रँकफर्ट या भागांत बरीच वर्षं राहिलेल्या मराठी घरांशी बोलून हे टिपण केलं आहे. सगळ्यांचं सांगणं एकच : पहिल्या चार आठवड्यांत लोकांत मिसळा आणि शेवटच्या तीन दिवसांची तयारी आधीच करून ठेवा.

नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आडव्हेंट. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. घरोघरी चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र मांडतात आणि दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत नेतात. हाम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवणाऱ्या योहान हिनरिश विखर्न यांनी १८३९ मध्ये ही प्रथा सुरू केली, असं मानतात. मुलांना नाताळ किती दूर आहे ते दिसावं, एवढाच तिचा हेतू होता. चोवीस खिडक्यांचं चॉकलेटचं कॅलेंडरही त्यासाठीच. ते मुलांना १ डिसेंबरच्या आत आणून द्या.

मुलं असलेल्या घरांनी खरी लक्षात ठेवायची तारीख आहे ५ डिसेंबर. त्या रात्री मुलं बूट पुसून चकचकीत करून दाराशी ठेवतात आणि सहाच्या सकाळी त्यात अक्रोड, छोटी संत्री आणि चॉकलेटचा निकोलाउस (संत निकोलस) सापडतो. आपल्या डोक्यात पंचवीस तारीखच असते, त्यामुळे नव्या पालकांकडून ही हमखास निसटते. मग वर्गात सगळी मुलं बुटातल्या खाऊबद्दल बोलत असतात आणि आपलं मूल गप्प बसून राहतं. चार-पाच युरोंत होणारी गोष्ट आहे, चुकवू नका. मोठ्या भेटी चोवीसच्या संध्याकाळी मिळतात. त्या दक्षिणेत आणि पश्चिमेत क्रिस्टकिंड, म्हणजे बाळ येशू, आणतो, उत्तरेत आणि पूर्वेत वाइनाख्ट्समान, म्हणजे नाताळबाबा. तुम्ही घरात काय मानता हा तुमचा प्रश्न. पण आपल्या मुलाने बालवाडीत ‘असं कोणी नसतंच’ म्हणून जाहीर केलं, तर इतर आईबापांना ते फार लागतं. मुलाशी आधीच बोलून ठेवा.

न्यूर्नबर्गच्या प्रसिद्ध बाजाराचं उद्घाटन क्रिस्टकिंडच्या वेषातली मुलगी करते. दर दोन वर्षांनी नवी मुलगी निवडतात. २०१९ मध्ये हा मान बेनिग्ना मुन्सी या सतरा वर्षांच्या मुलीला मिळाला. तिचे वडील मूळचे भारतातले. एका उजव्या पक्षाच्या स्थानिक शाखेने तिच्या वर्णावरून हीन शेरा मारला, तेव्हा शहर तिच्या पाठीशी उभं राहिलं. दोन्ही गोष्टी या देशात आहेत आणि आपल्या मुलींना दोन्ही सांगाव्यात.

बाजारांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. बहुतेक बाजार २३ किंवा २४ डिसेंबरला उठतात. भारतातून कोणी ‘नाताळच्या सुट्टीत बाजार बघायला’ येणार असेल, तर त्यांना १० ते २० तारखांची तिकिटं काढायला सांगा. पेयाच्या कपासाठी काही युरो अनामत घेतात, कप परत केला की पैसे परत. मुलांसाठी किंडरपुन्श मागा, त्यात मद्य नसतं. ग्ल्यूवाइन म्हणजे गरम केलेली वाइन. इथलं लायसन नव्याने काढलं असेल, तर पहिली दोन वर्षं मद्याचा एक थेंबही घेऊन गाडी चालवता येत नाही. ट्रामने जा.

शाकाहारी घरांनी डब्यावरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्यावी. गमीच्या गोळ्यांत बहुधा जिलेटिन असतं. लाल कोबीची भाजी पुष्कळदा बदकाच्या किंवा डुकराच्या चरबीत शिजवतात. श्टोलन नावाच्या केकमधले मनुके बरेचदा रममध्ये भिजवलेले असतात. बुटरश्माल्झ लिहिलेला डबा मात्र निर्धास्त उचला, ते तूपच आहे आणि आपल्या सगळ्या घरांत तेच चालतं. श्वाइनेश्माल्झ असेल तर ती डुकराची चरबी. दोन्ही डबे दुकानात जवळजवळच असतात.

याच तुपाची नानकटाई इथे मोठं काम करते. डिसेंबरात घरोघरी प्लेट्सखेन नावाची छोटी बिस्किटं भाजतात आणि छोट्या पत्र्याच्या डब्यांतून शेजारीपाजारी वाटतात, अगदी आपल्या फराळाच्या ताटांसारखी. जर्मन शेजारी नाताळाला जेवायला बोलावतील अशी वाट बघत बसू नका. ते तीन दिवस त्यांच्या आईवडिलांचे, भावंडांचे असतात. न बोलावण्यात अनादर नसतो. पण डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दारावर गेलेला नानकटाईचा डबा कोणी परतवत नाही. एर्लांगनच्या एका काकूंनी आपली पद्धत सांगितली : वेलदोडा जरा कमी, गोडही बेताचं, डब्याला चिठ्ठी आणि त्यावर घटक पदार्थ लिहिलेले, कारण सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी बऱ्याच जणांना असते. तळमजल्यावरच्या आजींनी पहिल्या वर्षी डबा घेऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या वर्षी तोच डबा व्हॅनिलाकिप्फर्लची बिस्किटं भरून परत आला.

शेजाऱ्यांची ओळख पार्सलांमुळेही होते. या दिवसांत पार्सलवाला तुमच्या गैरहजेरीत शेजाऱ्याकडे पार्सल ठेवून पेटीत चिठ्ठी टाकतो. तुम्हीही इतरांची ठेवून घ्या. पण आधी घंटीवर आणि टपालपेटीवर घरातली सगळी आडनावं लावा. इथे टपाल फ्लॅटच्या नंबरावर येत नाही, आडनावावर येतं. नवराबायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही हवीत.

भारतातून घरच्यांनी पाठवलेली भेट ४५ युरोंपर्यंत करमुक्त असते. त्यापुढे कस्टमची चिठ्ठी येते. आईबाबा येणार असतील तर सामानाची यादी महिनाभर आधी फोनवर वाचून दाखवा. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, खव्याची बर्फी नाही. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. त्याला अपवाद पाच : नारळ, केळी, अननस, खजूर, ड्युरियन. कढीपत्त्याची जुडी पिशवीतून काढून टाकावी लागते आणि आईचा जीव तळमळतो. चिवडा, चकली, मेतकूट, गोडा मसाला खुशाल आणा.

तुम्ही स्वतः भारतात जाणार असाल तर दोन गोष्टी. शाळा सुरू असताना, स्वस्त तिकिटासाठी का होईना, मुलांना आधी नेता येत नाही. शाळेची हजेरी हा इथे कायदा आहे. सुट्टीच्या तोंडावर बायर्नमधल्या विमानतळांवर पोलिसांनी कुटुंबांना विचारणा केल्याची उदाहरणं आहेत. दुसरं, राहण्याच्या परवान्याची मुदत संपत असेल तर नोव्हेंबरातच कार्यालयाशी पत्रव्यवहार करा. तात्पुरता कागद मिळाला असेल तर त्यावर निवास कायद्याच्या कलम ८१ चं कोणतं पोटकलम लिहिलंय ते बघा. पोटकलम ४ असेल तर परत येता येतं, ३ असेल तर अडकाल.

काळोखाचं काय? म्युनिकमध्ये या दिवसांत सूर्य साडेचारच्या आत मावळतो आणि उजाडायला आठ वाजतात. जुन्या घरांतला सर्रास उपाय असा की दिवाळीचा आकाशकंदील खाली उतरवायचाच नाही. तो थेट जानेवारीपर्यंत खिडकीत ठेवायचा. साक्सनीतल्या हेर्नहुट गावच्या कागदी चांदण्या याच दिवसांत जर्मन घरांत टांगतात, त्यामुळे आपला कंदील कोणाला परका वाटत नाही. शिवाय दुपारी जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर चाला. घरी राहणाऱ्या जोडीदारासाठी तर हे औषधच आहे.

नाताळ आणि चर्चवरून आठवलं : राहण्याच्या पत्त्याच्या नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. हिंदू घरांना त्यामुळे काही फरक पडत नाही. वसई किंवा अहिल्यानगरकडच्या बाप्तिस्मा झालेल्या कुटुंबांनी मात्र माहीत करून घ्यावं की चर्चचं सदस्यत्व नोंदलं की चर्च-कर लागतो. तो प्राप्तिकराच्या ८ किंवा ९ टक्के असतो. धर्म कोणताही असो, चोवीसच्या दुपारी चर्चमध्ये मुलांचं नाताळनाटक असतं. ते सर्वांना खुलं असतं, मुलांना घेऊन जरूर जा.

आता ते तीन दिवस. चोवीसला दुकानं दुपारी दोनपर्यंतच. २५ आणि २६ ला सुट्टी, त्याला लागून रविवार आला तर चौथा दिवसही बंद. दूध, कणीक, डायपर, तापाचं औषध २३ च्या आत घरात हवं. अडलंच तर मोठ्या रेल्वे स्थानकांवरची दुकानं आणि पेट्रोल पंप उघडे असतात. रात्री-अपरात्री डॉक्टर लागला तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. हे आकडे फ्रिजवर लावा. बंद औषधदुकानाच्या दारावर त्या दिवशी कोणतं दुकान उघडं आहे ते लिहिलेलं असतं. या दिवसांत भिंतीत ड्रिल मारणं, काचेच्या बाटल्या डब्यात टाकणं टाळा.

आणि चोवीसची रात्र एकट्याने काढू नका. जवळच्या मराठी घराशी आठवडाभर आधी ठरवा, कोणी पुलाव करेल, कोणी मटार करंज्या. जुन्या घरांनीही दुसऱ्याच्या फोनची वाट बघू नये. तुमच्या गावात या वर्षी कोणी नवं आलं असेल, तर १ डिसेंबरच्या आत त्यांना फोन करा आणि २४ ला जेवायला बोलवा.