साखरेचे तीन आकडे

भाईंदर (पश्चिम)



रक्तातील साखरेच्या रिपोर्टवर बहुधा तीन आकडे असतात आणि तिन्ही वेगवेगळ्या काळाचा हिशेब देतात. फास्टिंग म्हणजे किमान आठ तास पाण्याखेरीज काहीही न घेता मोजलेली साखर. रात्रभर यकृताने रक्तात किती साखर सोडली आणि इन्शुलिनने तिला कितपत आवर घातला, हे तिच्यावरून कळते. पीपी मोजायची ती जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी. खाल्लेले अन्न शरीराला किती पेलले, हे ती दाखवते. तिसरा आकडा एचबीए१सीचा, म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचा. या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. पंधरा दिवसांच्या पथ्यानंतर ही तपासणी पुन्हा करण्यात पैसे जातात, कळत फारसे काही नाही.

फास्टिंग १२६ किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक, या मधुमेहाच्या रेषा. लक्षणे नसतील तर एकाच निकालावर निदान पक्के करत नाहीत, दुसऱ्याने त्याला दुजोरा द्यावा लागतो. फास्टिंग १०० ते १२५, ग्लुकोजनंतर १४० ते १९९, एचबीए१सी ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व टप्पा. लोक त्याला ‘बॉर्डरलाइन’ म्हणतात आणि सोडून देतात. वास्तविक सर्वांत जास्त कमावता येते ते याच टप्प्यावर. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केवळ आहार आणि चालणे सुधारल्याने अशा लोकांतील मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला होता.

आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत. समजा, फास्टिंग ११८, पीपी २३२ आणि एचबीए१सी ७.४ आहे. ७.४ म्हणजे सरासरी साखर साधारण १६६. नुसती फास्टिंग पाहणारा इथे निर्धास्त होईल. प्रत्यक्षात रोज जेवणानंतर साखर उसळते आहे, तेव्हा ताट आणि जेवणानंतरचा तास सुधारायला हवा. उलट फास्टिंग १५० आणि पीपी १७० असेल, तर रात्रीचा हिशेब बिघडला आहे. उशिराचे जड जेवण, पोटाचा घेर, अपुरी झोप किंवा औषधाची वेळ यांपैकी काहीतरी तपासावे लागेल. लॅबच्या शेजारी दोन बिस्किटे खाऊन दिलेली पीपी मात्र कोणालाच काही सांगत नाही. नेहमीचे जेवण जेवूनच ती द्यावी, आणि त्या दिवशी गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना आधी विचारावे. रक्तक्षय किंवा थॅलेसेमियाचा वारसा असेल तर एचबीए१सी फसवू शकते, तेही त्यांच्या कानावर घालावे. घरच्या ग्लुकोमीटरला सुमारे १५ टक्के फरक माफ असतो. १४२ चे १५१ झाले म्हणून जीव टांगणीला लावू नये.

‘मी जाड नाही, मला कसा होईल?’ याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिले आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे हाडापेराने बारीक माणसाच्याही पोटात चरबी दडलेली असते. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवावा: पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, स्त्रियांची ८० च्या आत.

मीरा-भाईंदरच्या नोकरदाराचा दिवस या आजाराला पोषक आहे. सकाळी चहा-खारीवर लोकल गाठायची, तासभर उभ्याने चर्चगेट, दिवसभर खुर्ची, परतीला स्टेशनबाहेर वडापाव, रात्री दहाला पोटभर जेवण आणि लगेच अंथरूण. यातली लोकल बदलता येत नाही, बाकी बरेच बदलते. रात्रीचे जेवण आठ-साडेआठला घरी शक्य नसेल, तर संध्याकाळच्या वडापावच्या जागी चणे, उकडलेले अंडे किंवा मोडाची उसळ डब्यातून न्यावी आणि रात्री हलके खावे. उत्तनची ताजी मासळी मधुमेह्याला उत्तम. आमटीबरोबरचा भाताचा डोंगर साखर वाढवतो, म्हणून भात वाटीने घ्यावा आणि भाजी, कोशिंबीर, मासळी आधी खाऊन मग त्याला हात लावावा. ज्वारी-नाचणीची भाकरीही मोजूनच. ती चांगली आहे, पण तिच्यातही पिष्ट आहेच. गूळ आणि मध ही साखरच. साबुदाण्याची खिचडी जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, तिला उपवास म्हणून पोटाला विश्रांती समजू नये.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. हालणारे स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात, आणि पीपीचा आकडा तिथेच खाली येतो. जेसल पार्कच्या चौपाटीपर्यंत जाणे जमत नसेल तर सोसायटीच्या आवारात फेऱ्या माराव्यात. आठवड्याला एकूण १५० मिनिटे आणि दोन-तीन दिवस उठाबशा, भिंतीवरचे जोर असा ताकदीचा व्यायाम. वजन जास्त असल्यास ते उतरवण्याचा परिणाम मोठा असतो: ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ अभ्यासात १५ किलो किंवा अधिक वजन घटवलेल्यांपैकी ८६ टक्के लोकांची साखर वर्षअखेर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. ते सारे सहा वर्षांच्या आतले रुग्ण होते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते, हे विसरू नये.

म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. दोन वेळाच जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघर पोहोचली आहे, पण इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने ती, किंवा संकष्टीचा उपवास, किंवा रमजानचा रोजा, औषधाची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घेतल्याशिवाय सुरू करणे धोक्याचे. घाम, थरथर, गोंधळ जाणवला तर साखर मोजावी. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. भान हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे.

उपचारातील बहुतेक प्रौढांसाठी फास्टिंग ८० ते १३०, पीपी १८० च्या आत आणि एचबीए१सी ७ च्या आसपास हे लक्ष्य असते. वृद्धांसाठी ते सैल ठेवतात. एचबीए१सी दर तीन महिन्यांनी, आकडा स्थिरावला की सहा महिन्यांनी. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि पायांची संवेदना तपासावी, रक्तदाब प्रत्येक भेटीत. तळवे रोज रात्री स्वतः पाहावेत. बधिर पायाला चपलेचा खिळा टोचलेला कळत नाही. मधुमेह्याच्या भावंडांनी वयाची तिशी ओलांडली असेल तर त्यांचीही साखर एकदा मोजून घ्यावी.

— काका