पिसाळलेल्या जनावराचा दंश : तपासणीची वाट पाहूं नये

कुत्रा चावला असतां गांवांतील लोक पहिला प्रश्न असा करितात कीं, "तो पिसाळलेला होता काय?" प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु त्याच्या उत्तराची वाट पाहत बसणें हेंच कित्येकांच्या मरणास कारण झालें आहे. असें कां होतें, हें या धड्यांत पाहूं.

१. रोगाची चाल. रेबीज अथवा जलसंत्रास हा रोग एका विषाणूपासून होतो. तो विषाणु पिसाळलेल्या जनावराच्या लाळेंत असतो, व दंशाच्या जखमेवाटे मनुष्याच्या शरीरांत शिरतो. तेथून तो मज्जातंतूंच्या वाटेनें हळूहळू मेंदूकडे जातो. या प्रवासास बहुधा दोन ते तीन महिने लागतात. क्वचित् एकच आठवडा, तर क्वचित् वर्षभर. तोंवर मनुष्यास कांहींच होत नाहीं. तो खातो, पितो, शेतांत राबतो. विषाणु मेंदूंत पोहोंचला म्हणजे मात्र पाणी पिऊं जातां घसा आवळतो, वाऱ्याच्या झुळकीनेंहि झटके येतात. आणि एकदां हीं चिन्हें दिसलीं कीं बहुतेक कोणीहि वांचत नाहीं.

२. लशीचा शोध. ४ जुलै १८८५ रोजीं आल्सास प्रांतांतील जोसेफ माइस्टर नामक ९ वर्षांच्या मुलास पिसाळलेल्या कुत्र्यानें अनेक ठिकाणीं चावे घेतले. आईनें त्यास पॅरिस येथें लुई पाश्चर यांजकडे नेलें. रोगी सशांचा पृष्ठरज्जु वाळवून पाश्चर यांनीं लस केली होती, व कुत्र्यांवर तिचा गुण पाहिला होता. पाश्चर हे रसायनशास्त्रज्ञ होते, वैद्य नव्हते. म्हणून ६ जुलै रोजीं डॉक्टर ग्रांशे यांनीं ती टोंचली. पुढें ती अनेक दिवस टोंचण्यांत आली. मुलगा वांचला व १९४० सालापर्यंत जगला. यांतील मर्म ध्यानांत घ्यावें : रोग सावकाश चालतो, म्हणूनच लस त्याच्या आधीं पोहोंचूं शकते. आपल्या देशांत १९०० सालीं कसौली येथें व १९०७ सालीं कुन्नूर येथें या कामासाठीं संस्था निघाल्या. मेंढीच्या मेंदूपासून केलेली व पोटांत टोंचावयाची जुनी लस वडील मंडळीस आठवत असेल. ती आतां बंद झाली आहे. हल्लींची लस दंडांत टोंचितात, व सुयाहि थोड्या लागतात.

३. तपासणी काय सांगते? १९०३ सालीं इटलींतील आदेल्की नेग्री यांस रोगी जनावरांच्या मेंदूंतील पेशींत, सूक्ष्मदर्शक यंत्रानें पाहतां, विशेष प्रकारचे कण आढळले. यावरून रोग ओळखूं येऊं लागला. पण प्रत्येक रोगी जनावरांत ते कण सांपडत नसत. १९५८ सालीं चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या साह्यानें विषाणु ओळखण्याची अधिक भरंवशाची रीत प्रसिद्ध झाली. तथापि या दोन्ही परीक्षांस मेलेल्या जनावराचा मेंदू लागतो. चावलेल्या मनुष्याविषयीं म्हणाल, तर रोगाचीं चिन्हें दिसण्यापूर्वीं त्याच्या शरीरांत विषाणु आहे कीं नाहीं, हें सांगणारी परीक्षा नाहीं. चिन्हें दिसल्यावर लाळ वगैरे तपासून रोग ओळखतां येतो. पण तेव्हां उशीर झालेला असतो.

४. आपलें कर्तव्य. जखम तत्काळ साबणानें व वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी. विषाणूवर चरबीचें वेष्टन असतें. साबण तें मोडून टाकितो. जखमेवर तिखट, चुना, हळद अथवा तेल लावूं नये. उतारा व मंत्र यांत एक दिवसहि दवडूं नये. त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस सुरू करावी. लशीचें बळ येण्यास कांहीं दिवस लागतात. म्हणून रक्त निघालें असल्यास जखमेंतच सीरम टोंचितात. कुत्रा माहितीचा असेल तर त्याला न मारितां दहा दिवस नजरेखालीं ठेवावा. तो दहा दिवस धडधाकट राहिला, तर चावला तेव्हां त्याच्या लाळेंत विषाणु नव्हता असें समजावें, व लस पुढें चालवावी कीं थांबवावी हें डॉक्टरांस विचारावें. दहा दिवस पाहणें हें लशीबरोबर करावयाचें आहे, लशीऐवजीं नव्हे.

५. गुरांविषयीं. पिसाळलेला कुत्रा चावला असतां गुरांसहि हा रोग होतो. बैल लाळ गाळतो, त्याला गिळतां येत नाहीं, आवाज बदलून तो हंबरत राहतो, मागचे पाय लुळे पडतात. तेव्हां धनी म्हणतो, "याच्या घशांत कांहीं अडकलें आहे," आणि तोंडांत हात घालितो. हाताला लहानशी चीर असली तरी विषाणूस ती वाट पुरे होते. अशा जनावराच्या तोंडांत हात कदापि घालूं नये, पशुवैद्यास बोलवावें. हात घातला गेलाच असेल, तर तो साबणानें धुवून दवाखाना गांठावा. अशा गाईचें दूध पिऊं नये, व मेल्यावर तिचें मांस खाऊं नये.

गांवांत संकट आलें म्हणजे लोक प्रथम लिहितां वाचतां येणाऱ्याच्या दारीं येतात. त्या वेळीं "पाहूं, कुत्र्याचें काय होतें तें," असें आपल्या तोंडून निघूं नये. "आधीं साबण व पाणी घ्या, आणि चला," असें म्हणून आपण स्वतः त्याजबरोबर निघावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. चावल्यानंतर मनुष्य पुष्कळ दिवस निरोगी कां दिसतो?
२. लस टोंचण्यासाठीं तपासणीची वाट कां पाहूं नये?
३. लाळ गाळणाऱ्या बैलाच्या तोंडांत हात घालण्यांत कोणता धोका आहे?
४. आपल्या गांवाहून लस मिळेल असा सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, व रात्रीं तेथें कसें पोहोंचतां येईल?