टाच उचलता येते का?

गुडघ्याचा सांधा बदललेलं माणूस पडलं, की सगळ्यात आधी एक गोष्ट बघावी. उताणं झोपून, गुडघा ताठ ठेवून, टाच पलंगावरून वर उचलता येते का? दुखत का असेना, उचलली तर बराच घोर मिटला. पाय जागचा हललाच नाही, तर एक्स-रे कितीही चांगला येवो, स्वस्थ बसू नये.

संकष्टीला आमच्या लिंबागणेशात भालचंद्र गणपतीला गर्दी असते. मांजरसुंब्याकडून येणाऱ्या जीपा गच्च भरलेल्या. तसल्याच एका जीपमधून उतरताना माझा पाय घसरला आणि बदललेला गुडघा अंगाखाली दुमडला. वाटीच्या वर काहीतरी तटकन तुटलं. बीडला एक्स-रे काढला. "सांधा जागेवर आहे बाई, मुका मार आहे, शेका." सांधा जागेवर होताच! धातूचा सांधा एक्स-रेत ठळक दिसतो, पण मांडीचा स्नायू वाटीला बांधून ठेवणारा टेंडन तसा दिसत नाही, आणि तुटला होता तोच. भिंत धरून चालता येत होतं, म्हणून घरात कुणाला शंका आली नाही. जो तो करडईचं तेल चोळायला सांगत होता. पायरी उतरताना मात्र गुडघा दगा द्यायचा.

पुढे छत्रपती संभाजीनगरला दाखवलं. तिथल्या सर्जनांनी फिल्म बाजूला ठेवून आधी टाच उचलायला लावली, मग वाटीच्या वर अंगठा दाबला. अंगठा आत गेला; तिथे खळगा होता. सोनोग्राफीत नक्की झालं. एमआरआयला पैसे घालण्याआधी विचारून घ्या, कारण धातूमुळे चित्र बिघडतं. जाणत्या हाताची सोनोग्राफी बहुतेकदा पुरते. बाजूने काढलेल्या एक्स-रेतही खूण सापडते. वाटीच्या वरचा टेंडन तुटला तर वाटी खाली सरकते, खालचा तुटला तर वर चढते. मात्र बघणाऱ्याच्या मनात ती शंका असावी लागते.

हा प्रकार फार थोड्यांना होतो. पण मधुमेह, किडनीचा आजार, संधिवात, खूप दिवस घेतलेली स्टेरॉइडं, एकाच गुडघ्यावर पुन्हा पुन्हा झालेली ऑपरेशनं, यातलं काही असेल तर टेंडन आधीच कमजोर झालेला असतो. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायका दुखऱ्या गुडघ्यात सुई टोचून घेतात आणि दुसऱ्या दिवशी फडात उभ्या राहतात. त्या सुईत काय होतं, हे त्यांना कुणी सांगत नाही. बदललेल्या गुडघ्यात तर गावातल्या कुणाकडूनही सुई घेऊ नका. जंतू शिरले तर आख्खा सांधा काढायची पाळी येते.

जुनी झालेली फाटलेली टोकं नुसती शिवली, तर बऱ्याचदा पुन्हा सुटतात. मृत दात्याचा टेंडन बसवतात, पण तो आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून माझ्या गुडघ्यात जाळी घातली, हर्नियाला वापरतात तसलीच पॉलिप्रॉपिलीनची. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या ब्राउन आणि हॅन्सन यांनी 2011 साली ही पद्धत प्रसिद्ध केली. जाळीची घट्ट गुंडाळी करून पट्टी बनवतात, तिचं खालचं टोक नडगीच्या हाडात सिमेंटने रोवतात आणि वरचं मांडीच्या स्नायूंच्या थरांत शिवतात. त्याआधी गुडघ्यात जंतुसंसर्ग नाही याची खात्री करून घेतात, साखरही आटोक्यात आणतात. इथे घाई करू नये.

खरा कस पुढेच लागतो. पहिल्या ऑपरेशनला दुसऱ्या दिवसापासून "वाकवा, वाकवा" म्हणून सगळे मागे लागतात. या वेळी नेमकं उलटं. जाळीत शरीराचे तंतू भरेपर्यंत, म्हणजे 10 ते 12 आठवडे, पाय प्लास्टरमध्ये ताठ. बघायला आलेल्या नणंदेनं, "अगं वहिनी, असाच ठेवलास तर गुडघा आखडेल," म्हणून सुनेला पार घाबरवून सोडलं. आखडतोच तो. आखडलेला गुडघा पुढे हळूहळू मोकळा होतो. सैल पडलेली जाळी पुन्हा घट्ट होत नाही. म्हणून सर्जनांच्या सूचना कागदावर लिहून घ्या आणि पाहुण्यांच्या हातात ठेवा. फिजिओथेरपीवाल्यांनाही तोच कागद द्यावा, तेही कधी कधी सवयीने वाकवायला जातात. प्लास्टरमध्ये असताना पावलं मात्र दिवसभर वरखाली हलवत राहायची, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा. प्लास्टर निघालं की पट्टा येतो, आणि त्यातून थोडं थोडं वाकवायची परवानगी मिळते. माझी टाच आता उचलली जाते, फक्त शेवटचं थोडं ताठ होणं राहिलंय. मांडी घालायचा विषय संपला.

आणखी एक. पहिल्या ऑपरेशनच्या फाइलमध्ये सांध्याचे छोटे स्टिकर चिकटवलेले असतात, त्यांवर कंपनी, माप आणि बॅच नंबर असतो. 2017 साली सरकारने या सांध्यांच्या किमती बांधून दिल्या, तेव्हा हा तपशील बिलात वेगळा लिहिण्याचंही बंधन घातलं. पुन्हा गुडघा उघडायची वेळ आली, तर सर्जन पहिल्यांदा तेच मागतात. माझी फाइल धान्याच्या कोठीमागे सापडली, एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला, पण स्टिकर शाबूत होते. आता त्यांचे फोटो मुलाच्या आणि सुनेच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये आहेत.