मिरवेलीची रोपे

नागावची वाडी आपल्या ओळखीची आहे. वर माड, खाली पोफळी, आणि पोफळीला बिलगलेली मिरवेल. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या बाजूच्या वाड्यांतली किती तरी झाडे आडवी झाली. पोफळीबरोबर तिच्यावरची वेलही गेली.

नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षे जातात. मिरवेल तिसऱ्या वर्षी मिरी देऊ लागते. म्हणून जी पोफळ उभी राहिली, तिच्या बुडाशी वेल लावावी. ती वेल आपल्याला घरीच करता येते.

एका घरची गोष्ट समजा. सुनेने फाल्गुनात वेलाचे वीस तुकडे पिशव्यांत लावले. पंधरा दिवसांत कोवळी पाने आली. तिला आनंद झाला. तिने पिशव्या उन्हात मांडल्या. आठ दिवसांत बारा रोपे माना टाकून बसली.

"आई, पालवी फुटली होती हो! मग मेली कशी? दृष्ट लागली का?"

"दृष्ट कसली गं! एक उपटून बघ. मूळ आहे का खाली?"

मूळ नव्हते. नुसती काडी होती.

इथेच पुष्कळांची फसगत होते. तुकड्याच्या अंगात थोडे अन्न साठलेले असते. त्यावर पालवी फुटते. पाने आली की ती पाणी मागतात. मूळ नसेल तर पाणी कोण देणार? पालवी आली म्हणजे रोप जगले, असे धरू नये. महिनाभर तरी धीर धरावा. मूळ आले का हे बघायला रोज रोप हलवू नये. कोवळी मुळे लगेच तुटतात.

तुकडा कोणता घ्यावा? चांगल्या धरणाऱ्या, निरोगी वेलीच्या बुडातून जमिनीवर पळणारे फाटे निघतात, ते घ्यावेत. शेंड्याचा अगदी कोवळा भाग टाकून द्यावा. बाजूच्या फळफांदीचे रोप वर चढत नाही, त्याचे ठेंगणे झुडूप होते. कुंडीत लावायला ते बरे, पोफळीला नाही. दोन-तीन पेरांचा तुकडा करावा, पाने कापावी, आणि निदान एक पेर मातीत जाईल असा लावावा. मुळे पेरातूनच फुटतात.

पिशवीत दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेले शेणखत घालावे. ताजे शेण घालू नये. पिशवीला खाली भोके हवीतच. वर झावळ्यांचा मांडव करावा. पाणी रोज थोडे शिंपडावे, पण चिखल करू नये. आपल्याकडे आणखी एक बघावे लागते. समुद्राजवळच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. आधी जिभेला लावून बघा. खारट लागले तर ते रोपांना नको.

पावसाआधी मांडव थोडा थोडा विरळ करावा, म्हणजे रोपांना उजेडाची सवय होते. जूनमध्ये पाऊस बसला की रोप पोफळीच्या उत्तर बाजूला, हातभर सोडून लावावे. दक्षिणेकडचे ऊन कोवळ्या वेलीला सोसत नाही. वेल केळीच्या सोपटाने सैल बांधावी. बुडाशी पाणी तुंबू देऊ नये. तुंबले की मूळ कुजते, पाने काळी पडतात, आणि वेल बघता बघता जाते.

या रोगावर बोर्डो मिश्रण आधीच फवारतात. शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या पाच लिटर पाण्यात विरघळवावा. भांडी मातीची किंवा प्लास्टिकची घ्यावी. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओतावे. मग त्यात विळ्याचे पाते बुडवावे. पात्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी आहे, आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

सुनेची आठ रोपे उरली होती. ती तिने मांडवाखाली परत नेली. बारा रिकाम्या पिशव्यांतली माती उकरून मोकळी केली, आणि सासूबरोबर नवे फाटे कापायला गेली.